जत्रा व वारीच्या मुक्कामातील ध्वनी आणि बालकांची झोप

जत्रा, वारी, उरूस किंवा संगीत महोत्सवाच्या ठिकाणी राहुटीत, वाहनात अथवा उघड्यावर रात्र काढणाऱ्या लहान मुलांची झोप आणि श्रवण यांवर तेथील ध्वनीचा होणारा परिणाम हा बालआरोग्य व ध्वनिप्रदूषण या दोन्ही विषयांत मोडणारा प्रश्न आहे. युरोपात त्याची चर्चा मुख्यतः तंबू ठोकून राहण्याच्या संगीत महोत्सवांच्या संदर्भात होते. महाराष्ट्रात मात्र त्याचे मूळ आणि व्यापक रूप यात्रामुक्कामात दिसते. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांत त्याचे दोन भिन्न प्रकार आढळतात. शिरूरमध्ये रात्रभराच्या तमाशासह भरणाऱ्या गावजत्रा आहेत, तर दौंडमध्ये संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे मुक्काम आहेत.

स्थानिक स्वरूप

शिरूर तालुका व त्याला लागून असलेले जुन्नर, आंबेगाव आणि खेड हे तालुके तमाशाचा पट्टा म्हणून ओळखले जातात. तमाशासाठी वगनाट्ये व लावण्या लिहिणारे शाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) हे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे. होळीनंतर चैत्र-वैशाखात या भागात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू होतात. रात्री देवाच्या पालखीचा छबिना निघतो, त्यानंतर तमाशा उभा राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा कार्यक्रम आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा होतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निकालाने कायदेशीर मान्यता मिळाल्यापासून घाटावरील निवेदकांचे कर्णेही दिवसभर वाजतात. परिणामी दिवसा अपुरी राहिलेली झोप रात्री भरून काढावी, तर रात्रही मोकळी राहत नाही.

जत्रेला येणारी पाहुणेमंडळी बहुधा नातेवाइकांच्या घरी उतरतात. खऱ्या अर्थाने मुक्कामी असतात ती फडातील कलावंतांची, पाळणेवाल्यांची, खेळणी व गोडीशेव विकणाऱ्यांची मुले. पाहुण्यांच्या मुलाची एक रात्र बिघडते. या मुलांचा सगळा हंगाम असाच जातो. मोठे फड दसऱ्यापासून वैशाखातील बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतीवर असतात आणि रंगमंचामागील राहुटी हेच त्या काळात मुलांचे घर असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी प्रयोग चालू असताना रंगमंचामागे बाळाला जन्म दिला व त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही घटना महाराष्ट्रात कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती सांगताना त्या बाळाची पहिली रात्र कोणत्या आवाजात गेली असेल, याचा विचार सहसा होत नाही.

दौंड तालुक्यातील परिस्थिती वेगळी आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून लांब पल्ला चालून यवतला येते. तेथील पिठलं-भाकरीचा पाहुणचार प्रसिद्ध आहे. पुढचा मुक्काम वरवंडला असतो आणि त्यानंतर रोटी घाट ओलांडून सोहळा बारामती तालुक्यात उतरतो. दिंड्यांच्या राहुट्या शेतांत, शाळांच्या आवारांत आणि पुणे–सोलापूर महामार्गाच्या कडेला पडतात. समाजआरती, कीर्तन आणि जागर यांचा आवाज असतोच. परंतु पखवाज व टाळांची लय एकसारखी असल्याने तो तुलनेने सुसह्य ठरतो. झोपमोड अधिक होते ती जनित्रे, मागे सरकणारे मालट्रक, महामार्गावरील भोंगे आणि हरवलेल्या माणसांची नावे पुकारणारे ध्वनिक्षेपक यांमुळे. शिवाय पहाटे तीन-साडेतीनपासून पाण्याच्या टँकरभोवती जाग सुरू होते आणि त्यानंतर काकडा होतो.

ध्वनी कसा पसरतो

मोकळ्या मैदानात एकाच ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. एखाद्या कर्ण्यापासून १० मीटरवर १०० डेसिबल आवाज असेल, तर २० मीटरवर ९४, ४० मीटरवर ८८, ८० मीटरवर ८२, १६० मीटरवर ७६ आणि ३२० मीटरवर ७० डेसिबल भरतो. म्हणजे पहिल्या काही पावलांत मिळणारा फायदा मोठा असतो. पुढे तोच फायदा मिळवण्यासाठी बरेच चालावे लागते. एकावर एक रचलेल्या पेट्यांच्या भिंतीचा (बोलीत ‘डॉल्बी’ किंवा ‘डीजे’चा) आवाज जवळच्या टप्प्यात याहून सावकाश कमी होतो.

राहुटीचे कापड ऊन, वारा आणि थोडाफार पाऊस अडवते. आवाज जवळजवळ अडवत नाही. त्यातही ढोलाचा व डीजेचा खालच्या पट्टीतील दणका कापड, पत्रा, उसाचे पाचट यांतून सहज आरपार जातो आणि तो छातीत जाणवतो. कर्ण्याचा आवाज मात्र दिशेचा असतो, त्यामुळे कर्ण्याच्या तोंडासमोरील जागेपेक्षा पाठीमागची जागा तेवढ्याच अंतरावर बरीच शांत असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते व ध्वनिलहरी खाली वळतात. घोड आणि भीमेच्या काठच्या सखल शिवारांत हिवाळ्यात दूरच्या गावचा तमाशा स्पष्ट ऐकू येतो, त्याचे एक कारण हेच.

मुलांची झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसभरात १२ ते १६ तास, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. यात दिवसाची झोपही धरलेली आहे. रात्री बाराला झोपून पहाटे चारला उठलेल्या तीन वर्षांच्या मुलाला दिवसा आणखी किमान सहा तास झोपवावे लागेल, हे जत्रेच्या गर्दीत किंवा वारीच्या वाटचालीत अवघड असते.

मूल ढोलकीच्या आवाजात गाढ झोपले म्हणजे त्याला सवय झाली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मुलांची रात्रीच्या पहिल्या प्रहरातील झोप फार गाढ असते आणि त्या वेळी मोठा आवाजही त्यांना उठवू शकत नाही. परंतु जाग न येताही आवाजाने हृदयाचे ठोके वाढणे, झोपेची गाढता कमी होणे हे परिणाम होत राहतात. पहाटेकडे झोप हलकी होत जाते. म्हणूनच रात्री दहाच्या वगात न उठणारे मूल पहाटे भांड्यांच्या आवाजाने उठते. सतत चालणाऱ्या आवाजापेक्षा खंडित आवाज अधिक जागवतो, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. तमाशात गण व गौळणीचा गजर, बतावणीतील संवाद, मग अचानक शिट्ट्या आणि टाळ्या असा चढउतार असतो. झोपेच्या दृष्टीने तो कीर्तनापेक्षा वाईट. शांत झोपेसाठी खोलीत ३० डेसिबलपेक्षा अधिक सलग आवाज नसावा आणि एकेक आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवले होते. कोणत्याही यात्रातळावर हे शक्य नाही. तेथे उद्दिष्ट शांततेचे नव्हे, तर हानी कमी करण्याचे असू शकते.

श्रवणाचा प्रश्न झोपेहून वेगळा आहे, कारण बिघडलेली झोप भरून निघते, पण अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मात्रा सुरक्षित मानली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने ९० डेसिबलमध्ये आठवडाभराची मात्रा सव्वा तासात संपते. रंगमंचाच्या पुढ्यात मांडीवर झोपलेले मूल ती एका वगातच ओलांडते.

मुक्कामाची जागा

ध्वनीच्या दृष्टीने सर्वांत चांगली जागा म्हणजे कर्ण्यांच्या पाठीमागे, वाऱ्याच्या उलट बाजूला, मधे एखादी पक्की इमारत किंवा मातीचा बांध येईल अशी. प्रत्यक्षात शांत जागा बहुधा शिवाराच्या कडेला सापडते आणि अडचण तेथेच सुरू होते. शिरूर तालुक्यातील ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे व लहान मुलांवर प्राणघातक हल्ले झालेले आहेत. उघड्यावर झोपू नये आणि अंधारात मुलांना एकटे सोडू नये, असे वनविभाग वारंवार सांगतो. त्यामुळे आवाज टाळण्यासाठी उसाच्या फडालगत पथारी पसरणे हा चुकीचा सौदा ठरतो. दौंडकडे आषाढात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका असतो. हा साप रात्री फिरतो आणि त्याचा दंश झोपेत पुष्कळदा जाणवतही नाही. वाहनतळावर मालट्रकच्या आडोशाला, त्यातही चाकांजवळ, मुलांना निजवणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावयाचे. चालकाला अंधारात जमिनीवरचे मूल दिसत नाही. जनित्राजवळ आवाजाबरोबर विषारी धूरही असतो. या सर्व गोष्टी जमेस धरता वस्तीच्या बाजूची शाळा, मंदिराची ओवरी किंवा ओळखीच्या घराची पडवी हीच लहान मुलांसाठी उत्तम, मग तेथे आवाज थोडा अधिक असला तरी.

झोळी हे साधन येथे उपयोगी पडते. ती मुलाला ओल, विंचू व सापांपासून वर ठेवते आणि तिच्या संथ हेलकाव्याने मूल पुन्हा लवकर निजते. आवाज मात्र ती कमी करत नाही. कुंची, कानटोपी आणि कापसाचे बोळे यांनीही आवाज फारसा अडत नाही. त्यांचा उपयोग थंडीपुरता. कानात घालण्याचे फोमचे बोळे लहान मुले काढून तोंडात घालतात व ते घशात अडकू शकतात. डोक्यावरून येणारी, दोन्ही कान झाकणारी कर्णरक्षके जागेपणी, कार्यक्रमाजवळ असताना योग्य. त्यांच्या पट्ट्याचा दाब पडत असल्याने ती लावून बाळाला रात्रभर झोपवू नये.

मूल निजावे म्हणून औषध देण्याची प्रथा जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देत आणि त्यात बालके दगावत. आज तिची जागा सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांनी घेतलेली दिसते. दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ मध्ये कळवले आहे.

कायदा आणि व्यवहार

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ आहे आणि त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे निर्बंध दृढ केले, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीबाबत महाराष्ट्र शासनाला सविस्तर आदेश दिले.

या नियमामुळे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची (स्थापना १९५३) रात्रभराची बैठक बंद झाली. तेथे सतरंजीवर आईवडिलांशेजारी पांघरूण घेऊन झोपणारी मुले हे एके काळचे परिचित दृश्य होते. तमाशाचा पेच अधिक कठीण आहे. शेतकरी प्रेक्षक जेवणे उरकून येईपर्यंत दहा वाजतात, म्हणून फडमालक वेळेत सवलत मागत आले आहेत. ती मागणी उपजीविकेची आहे; मात्र फडातील मुलांच्या झोपेचा मुद्दा या वादात कोणत्याही बाजूने मांडला जात नाही.

पालखी मार्गावर अलीकडच्या वर्षांत स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष उभारले जातात. त्यांचा उपयोग दिवसाच्या विश्रांतीसाठी होतो. रात्री मुलांना निजवण्यासाठी वेगळ्या जागेची तशी व्यवस्था नाही. इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवात मुलांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी स्वतंत्र मैदाने राखलेली असतात आणि डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात शांतता पाळण्याच्या अटीवर तंबूंचा वेगळा विभाग दिला जातो. यवत किंवा वरवंड येथे अशी आखणी करायची झाल्यास मुले असलेल्या दिंड्यांना जनित्रे व टँकरच्या रस्त्यापासून दूरच्या शाळा आधी देणे आणि पुकाऱ्याचे कर्णे राहुट्यांकडे पाठ करून लावणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते.