घोड्याची घरगुती तपासणी : श्वास, नाडी, ताप

घोडा शांत उभा असताना त्याचा श्वास, नाडी आणि ताप मालकाने स्वतः मोजणे. पशुवैद्य येईपर्यंत दुखणे किती गंभीर आहे, याचा अंदाज यावरून येतो.

पूर्वी लांबच्या मजला घोड्यांच्या दमावरच मारल्या जात. घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र याच्या नावावरून हा शब्द आला.

श्वास आधी मोजावा, तोही लांबून. जवळ गेले की घोडा हात हुंगतो आणि मोजणी चुकते. कुशीची एक वर-खाली हालचाल म्हणजे एक श्वास. मिनिटाला ८ ते १६. मग नाडी. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेवर बोटे फिरवली की दोरीसारखी रक्तवाहिनी बोटाखाली सरकते. ती हाडावर हलकेच दाबून धरावी, अंगठ्याने मात्र नाही. मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ पडतात, शिंगराचे बरेच जास्त.

ताप गुदद्वारातून घेतात. थर्मामीटरला दोरी बांधून ती शेपटीला अडकवावी, टोकाला व्हॅसलिन लावावे आणि मागे नव्हे, बाजूला उभे राहावे. ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. सर्रा या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगात ताप चढतो-उतरतो, म्हणून एका वेळच्या आकड्यावर निर्धास्त होऊ नये.

हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. दोन्ही कुशींना कान लावला तर आतड्यांची गुरगुर ऐकू येते. ती थांबली असेल, लीद पडत नसेल आणि उभ्या जागी नाडी साठच्या वर असेल, तर पोटशूळ बळावला आहे असे समजून चंदीचा तोबरा काढावा आणि पशुवैद्याला तातडीने बोलवावे.

माथेरानला दस्तुरी नाक्यावरून स्वार घेऊन वर आलेल्या घोड्याचे ठोके लगेच मोजले, तर ते जास्तच भरतील. त्याला अर्धा तास सावलीत विसावू द्यावे. प्रत्येक घोड्याचे नेहमीचे आकडे निरनिराळे असतात. ते तो धडधाकट असतानाच, आठवडाभर सकाळी खराऱ्याआधी मोजून तबेल्यातल्या वहीत लिहून ठेवावेत.