ट्रेलर नसताना छोटी होडी खाडीत कशी न्यायची? काल्हेरच्या काठावरून समजून घ्या

ठाण्याहून बाळकुममार्गे जुन्या भिवंडी रस्त्याला लागलं की कशेळीचा पूल येतो आणि त्यानंतर लगेच काल्हेर. रस्त्याच्या एका बाजूला गोदामांच्या रांगा, वर मेट्रो ५ चा मार्ग आणि मागे उल्हास नदीची खाडी. हेच पाणी पुढे वसईच्या दिशेने समुद्राला मिळतं. २०१६ च्या कायद्याने हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ५३ झाला. त्यावरच्या नियोजित जेट्टींमध्ये काल्हेरचंही नाव आहे.

परदेशातले व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं की होडी घ्यायची म्हणजे गाडीमागे ट्रेलर हवाच. इथल्या खाडीकाठाला मात्र ट्रेलर उलटा उतरवायला उतार नाही, आहे तो गुडघाभर चिखल आणि तिवरं. त्यामुळे ट्रेलर असला तरी त्याचा फारसा उपयोग झाला नसता.

मग होडी पाण्यात जाते कशी?

भरतीच्या जोरावर. भरती-ओहोटीत सुमारे सहा तासांचं अंतर असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. होडी काठाला बांधलेली असेल तर भरतीला ती आपोआप तरंगते. वेळ चुकली तर तीच होडी चिखलात रुतते आणि चार माणसांनाही हलत नाही.

वेळ काढायचा जुना हिशेब कॅलेंडर बघून होतो. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमीला उत्तर येतं सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. काल्हेर खाडीत बरंच आत असल्याने इथे पाणी उशिरा चढतं. म्हणून पहिले काही दिवस काठावर एक खूण करून स्वतःच वेळ टिपून ठेवलेली बरी.

होडी घरी ठेवायची असेल तर ती आणायला टेम्पो लागतो, आणि काल्हेरमध्ये टेम्पोंना तोटा नाही. अडचण लांबीची आहे. छोटा हत्तीचा हौदा जेमतेम सात फुटांचा, होडी दहा-बारा फुटांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार माल परवानगीपेक्षा बाहेर आला तर दंड २० हजार रुपये. लाल फडकं बांधलं की चालतं, हा गैरसमज आहे. त्यापेक्षा मोठ्या हौद्याचा टेम्पो स्वस्त पडतो. टेम्पोपासून पाण्यापर्यंतच्या शेवटच्या शंभर पावलांसाठी दोन आडवे बांबू आणि चार खांदे, किंवा रुंद चाकांची हातगाडी. बारीक चाकं चिखलात पहिल्याच फेरीत बसतात.

सामान किती भरायचं?

उचलणारे हात जितके, तितकंच सामान. फायबरची होडी हलकी म्हणून घेतली जाते आणि मग सामानानेच जड केली जाते. सगळ्यात मोठा गुन्हेगार बॅटरी. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी २५ किलोच्या पुढे जाते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण निम्म्या वजनात येते, पण महाग. दोन-अडीच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन १३ ते १८ किलोंचं असतं. इंजिन मागे, चालवणाराही मागे, म्हणजे पुढची नाळ वर उचलली जाते. त्यामुळे पाणी, नांगर, बर्फाची पेटी पुढे ठेवायची. प्रत्येक वस्तू सुटी हवी, कारण पक्कं बसवलेलं सामान होडीबरोबर खांद्यावर येतं.

जाळ्यासाठी मधली जागा मोकळी लागते. बोईट आणि कोळंबीसाठी पाग फेकायचा तर उभं राहावं लागतं. अरुंद होडीत उभं राहून पाग फेकणं नवख्याचं काम नाही. बसून गळ टाकणं किंवा चिंबोरीचे सापळे लावणं सोपं.

वजन कमी करताना तीन गोष्टी मात्र काढायच्या नाहीत: प्रत्येकाचं लाइफ जॅकेट, वल्हं आणि नांगर. नांगराचा दोर खोलीच्या किमान पाचपट हवा. खोली मोजताना भरतीचं पाणीही धरायचं. ओहोटीला कशेळी पुलाच्या खांबांपाशी प्रवाह जोर धरतो. तिथे इंजिन बंद पडलं तर हातात वल्हं असलंच पाहिजे. रेती उपशामुळे खाडीचा तळही सारखा नसतो. काठाजवळ उथळ आहे म्हणून पुढेही पाय टेकतील, असं धरून चालू नये. इंजिन असेल तर त्याची सुरक्षा दोरी मनगटाला बांधायची. माणूस पडला की इंजिन बंद होतं.

इंजिन लावलं की नियमही बदलतात?

हो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. राज्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना सागरी मासेमारीची बंदी असते. वल्ह्यावर चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. छोटं का होईना, इंजिन बसवलं की ही सूट गृहीत धरता येत नाही. मासेमारी नौकांची नोंदणी केंद्राच्या 'रिअलक्राफ्ट' पोर्टलवर होते. खाडीतल्या आपल्या होडीला कोणता नियम लागू, हे खरेदीआधीच जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावं.

आणि होडीला वाट करायची म्हणून तिवरं तोडायची नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली असून भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. गावातले मच्छीमार ज्या वाटेने होड्या काढतात, तीच वाट त्यांना विचारून वापरायची.