गप्पांचा पत्ता

मे १९९३ मध्ये आपण सगळे दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. त्याच महिन्यात इंटरनेटवरच्या गप्पांचे नियम पहिल्यांदा रीतसर लिहून प्रसिद्ध झाले. आपल्याला ते कळण्याचं काही कारण नव्हतं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. 'तुझ्या कामातलं काहीतरी लिही, पण सरांना आणि बाईंनाही कळलं पाहिजे' असा संपादक मंडळाचा हुकूम आला, म्हणून आम्हा नेटवर्कवाल्यांमधला एक जुना वाद सांगतो. गप्पांच्या जाळ्यांनी इंटरनेटची नवी पत्तापद्धत घ्यावी, की आहे ते बरं चाललंय?

गप्पांचं जाळं म्हणजे आयआरसी. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ते तयार केलं. ठिकठिकाणचे सर्व्हर एकमेकांना जोडलेले, त्यांवर 'चॅनेल' नावाच्या खोल्या, आणि टोपणनाव घेऊन कुणीही आत यावं. १९९१चं आखाती युद्ध आणि त्याच वर्षी ऑगस्टमधला मॉस्कोतला फसलेला उठाव, या दोन्ही वेळी तिथल्या बातम्या या खोल्यांतून जगभर गेल्या. हे सर्व्हर चालवायचे ते बहुतेक हौशी लोक, पदरमोड करून. हे लक्षात ठेवा. वादाची अर्धी मेख इथेच आहे.

आता पत्त्याचं. इंटरनेटवरच्या यंत्राला नंबर लागतो, हजेरीपटावर आपल्याला असायचा तसा. १९८१ मध्ये ठरलेल्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ४ मध्ये, असे सुमारे ४२९ कोटी नंबर होतात. तेव्हा ते अफाट वाटले. पुरणार नाहीत हे नव्वदीच्या सुरुवातीलाच कळून चुकलं आणि डिसेंबर १९९५ मध्ये आयपीव्ही ६ कागदावर आली. तिच्यात साधारण ३४ वर ३७ शून्यं इतके पत्ते. जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा शेवटी ३ फेब्रुवारी २०११ला वाटून संपला.

गप्पांच्या खोल्यांत मात्र नवी पद्धत शिरली ती आधी मिरवण्यासाठी. काही संस्था फुकटात नव्या पत्त्यांचा गठ्ठा द्यायच्या. त्यातल्या एकेका पत्त्याला हवं ते नाव लावता यायचं आणि ते नाव खोलीतल्या सगळ्यांना दिसायचं. गाडीच्या नंबरात 'दादा' वाचता यावं म्हणून आरटीओत जादा पैसे भरणारे आपल्याकडे आहेतच. सर्व्हरवाल्यांनी यावरून नाकं मुरडली, त्यात मला नवल वाटत नाही.

त्यांच्या तक्रारी खऱ्याही होत्या. आयआरसीच्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीला कोलन आलं की 'इथून पुढे सगळा मजकूर' असा अर्थ होतो. नवे पत्ते कोलन घालूनच लिहितात, काही तर कोलननेच सुरू होतात. सर्व्हर गोंधळणार नाही तर काय! उपाय निघाला तो गमतीशीर : अशा पत्त्याच्या आधी एक शून्य चिकटवायचं. दोघांमध्ये थेट फाइल पाठवायची जुनी सोय तर पत्ता एका मोठ्या आकड्यात लिहायची, आणि त्या आकड्यात ३२ बिटांपुरतीच जागा. नवा पत्ता १२८ बिटांचा. हे सगळं दुरुस्त करायचं कुणी? त्याच बिनपगारी लोकांनी. शिवाय चार ओळींच्या गप्पा जुन्या पत्त्यावरून छान चालल्याच होत्या.

खरा पेच बंदीचा होता. इंजिनिअरिंगला असताना पुण्यात मी ज्या सायबर कॅफेत बसायचो तिथे संगणक दहा आणि बाहेर दिसणारा पत्ता एक. एका नेटवर्कवर (नाव राहू द्या) एका पत्त्यावरून तिघांनाच प्रवेश होता. चौथ्याला दार बंद. कुणी एकाने चावटपणा केला की बंदी त्या पत्त्यावर, म्हणजे अख्खं कॅफे बाहेर. मागच्या बाकावर कुणी शीळ घातली की सगळा वर्ग उभा, तसलाच न्याय.

नव्या पद्धतीत दुखणं बरोबर उलटं. एकेका घराला किमान १८ वर १८ शून्यं इतके पत्ते मिळतात. एकावर बंदी घातली की दंगेखोर पुढचा घेऊन हजर. मग ठरलं की पत्त्याचा पुढचा अर्धा भाग म्हणजे घर समजायचं आणि बंदी घरावर घालायची. काहींना याहून मोठा गठ्ठा मिळतो, त्यांच्यासाठी ती टप्प्याटप्प्याने रुंद करावी लागते. पण निरपराध शेजारी त्यात सहसा सापडत नाही, आणि मला हे फार मोठं वाटतं.

एक भीती मात्र रास्त होती. सुरुवातीला पत्त्याचा मागचा अर्धा भाग नेटवर्क कार्डाच्या कारखान्यातल्या क्रमांकावरून बनायचा. लॅपटॉप घेऊन कुठेही जा, टोपणनाव बदला, तो भाग तोच. जिथे पत्ता चारचौघांना दिसतो तिथे ही चेष्टा नव्हे. २००१ मध्ये बदलत्या, तात्पुरत्या पत्त्यांची तोड निघाली, आणि बऱ्याच नेटवर्कांनी पत्ते झाकायलाही सुरुवात केली.

माझं मत विचाराल तर नवी पद्धत घ्यावी, आणि त्याचं कारण आपल्याच देशात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं फोर-जी सुरू झालं ते आयपीव्ही ६च्या मोठ्या आधारावर. असा फोन जुन्याच पद्धतीच्या सर्व्हरकडे गेला तर कंपनीच्या दुभाष्या यंत्रामार्फत जातो आणि तिथे असंख्य अनोळखी लोकांबरोबर एकच पत्ता वाटून घेतो. म्हणजे परत ते सायबर कॅफे, फक्त दहाऐवजी कितीतरी जणांचं. सर्व्हर नवा पत्ता ओळखत असेल तर तोच मुलगा स्वतःच्या पत्त्याने आत येतो आणि दुसऱ्याच्या शिळेबद्दल उभा राहत नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे ओळख फोन नंबराची. ज्या गप्पांत फोन नंबर द्यायचा नसतो, त्यांचं हे दुखणं आहे.

हातातल्या फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. टिंबांनी तोडलेले चारच आकडे असतील तर तो जुना. कोलन आणि मध्येच ए ते एफ अक्षरं दिसली तर नवा. बहुतेकांना दोन्ही दिसतील.