दोरीचा ताण आणि पिल्चर यांचे अखेरचे उड्डाण

३० सप्टेंबर १८९९ रोजी इंग्लंडमधील स्टॅनफर्ड हॉल येथे पर्सी पिल्चर हे ३२ वर्षांचे अभियंते इंजिनावर चालणारे आपले नवे विमान दाखविणार होते. इंजिनाचा क्रँकशाफ्ट मोडल्याने ते शक्य झाले नाही. निमंत्रितांची निराशा होऊ नये म्हणून त्यांनी ‘हॉक’ हे आपले जुने ग्लायडर बाहेर काढले. हवा वादळी होती. पावसाने कापड भिजून जड झाले होते. घोड्यांनी ओढलेल्या दोरीने ग्लायडर सुमारे १० मीटर उंच गेले आणि त्याची शेपटी मोडली. दोन दिवसांनी पिल्चर यांचे निधन झाले.

संथपणे तरंगणाऱ्या ग्लायडरचे पंख केवळ त्याचे वजन पेलतात. दोरीने वर चढताना मात्र दोरी त्याला पुढे तसेच खालीही ओढते आणि हा जादा भार साऱ्या सांगाड्यावर येतो. म्हणूनच लपलेला दोष बहुधा याच वेळी उघड होतो.

आज विंचच्या तारेत ठरावीक ताणाला तुटणारा दुवा मुद्दाम बसवतात; तुटायचेच असेल तर ग्लायडरऐवजी तो तुटावा. तो तुटताच वैमानिकाने नाक खाली करून वेग राखायचा असतो. दीर्घ खंडानंतर, हंगामाच्या आरंभी, हा सराव प्रशिक्षकासह पुन्हा करायचा आणि यंत्र कसून तपासायचे, ते यासाठीच. पुण्यातील हडपसरच्या धावपट्टीवरही ग्लायडर विंचनेच चढत आले आहेत.

पिल्चर यांच्याकडे कौशल्य होते, अनुभवही होता. ते उड्डाण फक्त पुढे ढकलायला हवे होते.