सातव्या आठवड्याचा प्रश्न



इ. स. १७७३ च्या ३० ऑगस्टला, ऐन गणेशोत्सवांत, पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही हकीकत शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पुढची हकीकतही आपण जाणतांच. रघुनाथरावांनीं पेशवाईचीं वस्त्रें घेतलीं. नाना फडणीस, सखारामबापू प्रभृति मुत्सद्द्यांनीं बारभाईंचें कारस्थान रचलें. नारायणरावांची पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन ठेवलें. आणि १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला पुत्र झाला. तोच सवाई माधवराव. हा धडा मीं तीस वर्षें मुलांना शिकविला, परंतु त्यांत दडलेला एक साधा हिशेब मला कधीं सुचला नाहीं. मूल पुऱ्या दिवसांचें होतें असें धरून १८ एप्रिलपासून मागें मोजीत गेलें, तर खुनाच्या दिवशीं गंगाबाईस सुमारें सात आठवडे झाले असावेत. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची डॉक्टरांची जी रीत आहे तीच मीं येथें धरली आहे.

सात आठवडे! म्हणजे एक पाळी चुकलेली, आणि दुसरीची वेळ अद्याप यावयाची. एवढ्या आधारावर एक राज्य तोलून धरावयाचें होतें. नाडी पाहणारे वैद्य होते, जाणत्या सुइणी होत्या. परंतु त्या अवस्थेंत 'आहे' किंवा 'नाहीं' असें छातीठोकपणें सांगण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें. मुत्सद्द्यांच्या हातीं एकच उपाय होता, आणि तो म्हणजे दिवस जाऊं देणें. आपल्या भाषेंत गर्भ राहण्यालाच 'दिवस जाणें' म्हणतात, ही गोष्ट मला अलीकडे फार विचार करावयास लावते. दिवस गेले, गर्भ स्पष्ट झाला, आणि १७७४ च्या आरंभीं गंगाबाईची रवानगी पुरंदरावर झाली.

हा हिशेब मला सुचला तो कोणत्याहि ग्रंथालयांत नव्हे. आमच्या वर्धा जिल्ह्यांतील एका सोनोग्राफी केंद्राबाहेरच्या बांकावर बसलों असतांना सुचला.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या सूनबाईंना दिवस गेले होते. तारखेच्या हिशेबानें सातवा आठवडा चालू होता. मुलगा आंतून एक कागद घेऊन बाहेर आला. कागदावर पांच ओळी होत्या. पिशवी दिसते, पिशवींत गर्भ दिसत नाहीं, हृदयाचे ठोके नाहींत, असा त्यांचा आशय. तोंडी असें सांगितलें होतें कीं, गर्भ वाढलेला नाहीं, उद्यां सकाळीं उपाशी पोटीं येऊन पिशवी साफ करून घ्यावी. सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेंच म्हणाल्या, "बाबा, मला मळमळ तर अजून होते."

ह्या एका वाक्यापाशीं आमचें सारें घर अडलें. एकीकडे यंत्र, दुसरीकडे एका मुलीचा अनुभव. कोणाचें खरें मानावयाचें?

मी पडलों इतिहासाचा मास्तर. पुढें त्या दिवसांत जें जें मिळालें तें वाचूं लागलों, आणि मला आढळलें कीं हा प्रश्न जुनाच आहे. पॅरिसच्या लाएनेकनें १८१६ मध्यें स्टेथोस्कोपची युक्ति काढली. १८२१ मध्यें त्याचा देशबांधव केर्गारादेक ह्यानें गर्भिणीच्या पोटावर ती नळी लावली आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकिले. परंतु ते ऐकूं येतात तेव्हां चार-साडेचार महिने उलटून गेलेले असतात. आमच्याच जिल्ह्यांत, सेवाग्रामला, कस्तुरबांच्या मृत्यूनंतर १९४४-४५ च्या सुमारास डॉ. सुशीला नय्यर यांनीं स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं लहानसें रुग्णालय सुरू केलें. त्या काळच्या डॉक्टरांपाशींहि प्रारंभीच्या महिन्यांत हात, नळी आणि बाईनें सांगितलेल्या तारखा ह्यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. बर्लिनमध्यें आशहाइम व झोंडेक ह्या शास्त्रज्ञांनीं १९२७-२८ मध्यें लघवी टोचून उंदरांवर करावयाची परीक्षा शोधिली होती खरी. परंतु तिनें दिवस गेले कीं नाहीं हें कळे; गर्भ नीट वाढतो आहे कीं नाहीं, हें कळण्यास ती पुरेशी नव्हती.

सोनोग्राफीच्या यंत्राचें बीज दवाखान्यांतलें नाहीं, कारखान्यांतलें आहे. धातूच्या आंत भेग आहे काय, हें कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी पाठवून पाहण्याचें एक उपकरण असे. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड हे महायुद्धांत विमानदलांत होते, आणि तेथील रडारसारख्या साधनांशीं त्यांचा परिचय झाला होता. १९५५ च्या जुलैंत शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून ते रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यांत गेले आणि त्यांच्यावर तें उपकरण चालवून पाहिलें. पुढें टॉम ब्राऊन हा तरुण इंजिनियर व जॉन मॅकव्हिकार हे सहकारी त्यांना मिळाले, आणि तिघांचा निबंध ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. ह्या कामाच्या आरंभींची एक हकीकत मला फार मोलाची वाटते. एका बाईला जठराचा कर्करोग झाला असून तिच्यावर इलाज नाहीं, असें ठरलें होतें. यंत्रानें दाखविलें कीं ती पाण्यानें भरलेली अंडाशयाची गांठ आहे. गांठ काढली आणि बाई बरी झाली. म्हणजे ज्या यंत्राच्या शब्दाला आम्ही घाबरलों होतों, त्याची कीर्ति झाली तीच मुळीं एक चुकीचें निदान खोडून काढण्यानें!

लवकरच्या गर्भाची पिशवी दिसूं लागली ती १९६३ च्या सुमारास. मूत्राशय भरलेलें असलें म्हणजे त्याच्या मागचें गर्भाशय स्पष्ट दिसतें, हें डोनाल्डना तेव्हां आढळलें. तपासणीपूर्वीं तांब्याभर पाणी पिऊन ताटकळत बसलेल्या भगिनींना आपल्या त्रासाचें मूळ त्यांत सांपडेल. नंतर ग्लासगोच्याच ह्यू रॉबिन्सन यांनीं १९७२ मध्यें सातव्या आठवड्यापासून हृदयाची हालचाल टिपतां येते असें दाखविलें, व १९७३ मध्यें गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून त्याचें वय ठरविण्याची रीत घालून दिली. गंगाबाईच्या वेळीं ज्या सातव्या आठवड्याला कोणाला कांहीं सांगतां येत नव्हतें, त्याच सातव्या आठवड्यांत आतां यंत्र बोलूं लागलें.

बोलूं लागलें, पण बोललेलें सर्वच खरें ठरेना. १९९५ मध्यें वेल्समधील कार्डिफ येथें गर्भ मृत ठरविण्यांत झालेल्या चुकांबद्दल जाहीर चौकशी झाली. आयर्लंडमध्यें अशाच चौकशीचा अहवाल २०११ मध्यें निघाला, त्यांत २४ प्रकरणें होतीं. कारण काय? गर्भ इतका सूक्ष्म असतो कीं तो नाहींसा होणें आणि तो अद्याप दिसूं न लागणें, हीं दोन्हीं पडद्यावर सारखींच दिसतात. १९९५ नंतर ब्रिटनमध्यें मर्यादा घातली ती अशी: गर्भ ६ मिलिमीटरहून लहान असेल, किंवा रिकामी पिशवी २० मिलिमीटरहून लहान असेल, तर निकाल द्यावयाचा नाहीं, पुन्हां पाहावयाचें. २०११ मध्यें टॉम बोर्न व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं हीहि मर्यादा पुरेशी निर्धोक नाहीं. एकानें २० मिलिमीटर मोजलेली पिशवी दुसऱ्याच्या हातून सुमारें १७ पासून २४ पर्यंत कोठेंहि भरूं शकते. मनुष्याचा हात तो! मग २०१२ च्या अखेरीस ब्रिटनमध्यें ह्या मर्यादा ७ व २५ अशा वाढविण्यांत आल्या, आणि २०१३ मध्यें अमेरिकेंतील तज्ज्ञांनींहि त्याच स्वीकारल्या. ह्या मर्यादा आंतून केलेल्या तपासणीच्या आहेत. पोटावरून पाहिलें असेल तर सावधगिरी अधिक हवी. रिकामी पिशवी दिसली तर दोन आठवडे, आणि तींत गर्भाच्या पोषणाची इवलीशी पीतक पिशवी दिसली असेल तर अकरा दिवस, एवढा काळ लोटल्यावरहि हृदय दिसलें नाहीं तरच निकाल द्यावा, असें त्या तज्ज्ञांचें सांगणें आहे. पन्नास वर्षें यंत्र सुधारीत गेल्यावर शास्त्र जेथें पोंचलें, तेथें नाना फडणीस आधींच बसलेले होते, असें मीं घरांत म्हटलें तेव्हां आमच्या मंडळींनीं मला गप्प बसविलें. वेळ थट्टेची नव्हती हें खरेंच.

दुसऱ्या दिवशीं आम्ही उपाशी पोटीं गेलों नाहीं. दुसऱ्या एका रुग्णालयांतील डॉक्टरीणबाईंकडे कागद घेऊन गेलों. त्यांनीं कागद नंतर पाहिला. आधीं सूनबाईंना विचारलें कीं पाळी किती दिवसांनीं येते. उत्तर मिळालें, "चाळीस दिवसांनीं." हा प्रश्न पहिल्या ठिकाणीं कोणीं विचारला नव्हता, आणि आम्हांला तो सांगण्यासारखा वाटला नव्हता. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीला लागू पडणारा हिशेब चाळीस दिवसांच्या पाळीला कसा लागू पडावा? गर्भधारणाच बारा दिवस उशिरां झालेली. "कागदावर सात आठवडे आहेत, पोटांत पांचच असतील," बाई म्हणाल्या, "आणि पांच आठवड्यांना पिशवी रिकामीच दिसते. दोन आठवड्यांनीं पुन्हां पाहूं." मळमळीबद्दल विचारलें तेव्हां मात्र त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, तिच्यावर भिस्त ठेवूं नका, गर्भ गेल्यावरहि ती कांहीं दिवस राहते. आणि एक ताकीद दिली: एका बाजूला पोटांत जोराचें दुखलें, घेरी आली, खांद्यांत कळ आली किंवा फार रक्त गेलें, तर मध्यरात्र असली तरी निघून यावयाचें, कारण गर्भ नळींत अडकला असेल तर तेथें वाट पाहणें जिवावर बेततें.

पहिल्या डॉक्टरांवर मी रागावलों होतों. तो राग आतां राहिलेला नाहीं. त्यांच्या दारावर गर्दी होती. शिवाय एक गोष्ट आमच्याकडूनहि घडली. महाराष्ट्रानें १९८८ मध्यें आणि केंद्रानें १९९४ मध्यें गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदे केले, ते योग्यच केले. प्रत्येक केंद्रांत भिंतीवर तशी पाटी असते. पण ती पाटी पाहून आमच्यासारखीं माणसें अशीं संकोचतात कीं, ज्या गोष्टी विचारावयास हरकत नाहीं त्याहि विचारीत नाहींत. पिशवीचें माप किती, पुन्हां केव्हां दाखवावें, हे दोन प्रश्न माझ्या मुलाच्या ओठांवर आले आणि तेथेंच राहिले.

ते चौदा दिवस कसे गेले हें सांगणें कठीण आहे. विहीणबाई आर्वीहून आल्या त्या भीति घेऊनच आल्या कीं मेलेला गर्भ पोटांत राहिला तर अंगांत विष पसरतें. ताप नाहीं, रक्त नाहीं, तोंवर दोन आठवड्यांनीं कांहीं बिघडत नाहीं, असें डॉक्टरीणबाईंनीं फोनवर त्यांना समजावलें, तेव्हां त्या निवळल्या. मुलगा रात्र रात्र मोबाईलवर वाचीत बसे. चौथ्या रात्रीं त्याच्या आईनें मोबाईल काढून घेतला. शेजारणींना कांहींच कळविलें नाहीं. अभिनंदन नको आणि सांत्वनहि नको, असा आमच्या मंडळींचा हुकूम होता. एका संध्याकाळीं सूनबाई स्वयंपाकघरांत रडूं लागल्या. "आशा धरूं कीं सोडूं, एवढें तरी कोणी सांगा." माझी पत्नी भाकरी थापीत होती. ती म्हणाली, "आज दोन्ही नको. आधीं जेवून घे." मीं पुष्कळ ग्रंथ वाचले, पण त्या वेळेस उपयोगी पडलें तें हेंच वाक्य.

पंधराव्या दिवशीं पडद्यावर एक ठिपका लुकलुकला. लांबी १३ मिलिमीटर भरली. तो ठिपका आज तिसरींत आहे आणि त्याला पाढे पाठ होत नाहींत.

परंतु गोष्ट एवढीच सांगितली तर मी खोटें बोललों असें होईल. पुढच्याच वर्षीं माझ्या पुतणीला तसाच कागद मिळाला. आम्हीं तिलाहि थांबावयास सांगितलें, आणि ती थांबली. दोन आठवड्यांनीं पिशवी तशीच रिकामी होती. मला वाटलें, मुलगी मला दोष देईल. उगीच आशा लावलीत म्हणेल. ती म्हणाली, "काका, त्याच दिवशीं साफ करून घेतलं असतं तर जन्मभर वाटलं असतं, कदाचित् होतं." तिला पुढें मुलगी झाली, पण त्या आठवणीला तिच्यापाशीं वेगळी जागा आहे आणि आम्ही कोणी त्या जागेंत शिरत नाहीं.

पहिला कागद सूनबाई फाडणार होत्या. मीं तो मागून घेतला. माझ्या पेटींत पेशवाईच्या टिपणांची एक वही आहे, तींत सवाई माधवरावांच्या जन्माच्या पानापाशीं तो घालून ठेवला आहे.