कोमोडो ड्रॅगन आणि नारिंगी पायांचा मेगापोड

कोमोडो ड्रॅगन (शास्त्रीय नाव: वॅरॅनस कोमोडोएन्सिस) हा सरड्यांच्या गटातील सर्वांत मोठा प्राणी असून भारतात आढळणारी घोरपड त्याच्याच वंशातील आहे. नारिंगी पायांचा मेगापोड (मेगापोडियस राइनवार्ट) हा लहान कोंबडीएवढा, मुख्यतः जमिनीवर वावरणारा उष्णकटिबंधीय पक्षी आहे. इंडोनेशियातील कोमोडो राष्ट्रीय उद्यानात या दोन्ही जाती आढळतात. पूर्ण वाढलेला ड्रॅगन सुमारे ३ मीटर लांब व ७० किलोग्रॅम वजनाचा असू शकतो; पक्ष्याची लांबी जेमतेम अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ड्रॅगनएवढी, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपास भरते.

प्रजनन

मेगापोड अंड्यांवर बसत नाही. तो मजबूत पायांनी माती व पालापाचोळा उकरून मोठा ढिगारा रचतो आणि त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते. ड्रॅगनची मादी अनेकदा हेच आयते ढिगारे वापरते. क्वचित ती टेकडीच्या उतारावर किंवा सपाट जमिनीवर स्वतः बीळ खणते. साधारणतः सप्टेंबरमध्ये ती सुमारे २० अंडी घालते व पुढे काही काळ त्या जागेची राखण करते. अंडी उबण्यास सुमारे ८ महिने लागतात. मेगापोडची अंडी हे ड्रॅगनचे भक्ष्यही असल्याने हा शेजार पक्ष्याला लाभदायक म्हणता येत नाही.

दोन्ही जातींची पिल्ले मातीतून स्वतःच वर येतात आणि त्यांना पालकांचा आधार नसतो. मेगापोडचे पिल्लू पिसांसह जन्मते व लगेच स्वतंत्रपणे जगू लागते. ड्रॅगनची पिल्ले मात्र झाडांवर आश्रय घेतात, कारण प्रौढ ड्रॅगन त्यांनाही खातात. दोहोंत मादीची लिंगगुणसूत्रे झेड-डब्ल्यू अशी असतात, परंतु ही व्यवस्था पक्ष्यांत व घोरपडींत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. वंशावळीने पक्षी सरड्यांपेक्षा मगरींना अधिक जवळचे आहेत.

प्रसार व संवर्धन

मेगापोड उडू शकतो. त्याचा प्रसार लहान सुंदा बेटांपासून न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत असून त्याच्या अस्तित्वाला मोठा धोका मानला जात नाही. ड्रॅगन कोमोडो, रिंचा, फ्लोरेस व आसपासच्या काही लहान बेटांपुरताच उरला आहे. पादार बेटावरून तो १९७०च्या दशकात नाहीसा झाला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘संकटग्रस्त’ जातींत समाविष्ट केले. समुद्राची वाढती पातळी व अधिवासाचा ऱ्हास ही त्यामागील प्रमुख कारणे होत. मेगापोडचे ढिगारे ड्रॅगनच्या विणीच्या मोजक्या जागांपैकी असल्याने त्यांचे रक्षण हा ड्रॅगनच्या संवर्धनाचाही भाग ठरतो.