शहर अनुदाने व सामाजिक सेवा संस्था (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शहर प्रशासनांनी आपल्या हद्दीतील ना-नफा सामाजिक सेवा संस्थांना दिलेल्या आर्थिक साहाय्यास शहर अनुदान असे म्हटले जाते. बेघरांसाठी निवारा, वृद्धांना घरपोच जेवण, शाळा सुटल्यानंतर मुलांची देखभाल, कौटुंबिक हिंसाचाराने पीडित स्त्रियांना आश्रय अशा अनेक सेवा अमेरिकन शहरे स्वतः न चालवता अशा संस्थांकडे सोपवतात. ह्या अनुदानांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात ठरावीक सेवेचा मोबदला दिला जातो. दुसऱ्यात संस्थेचे हिशेब, कर्मचारी व व्यवस्थापन बळकट करण्यासाठी पैसा मिळतो. त्याला क्षमताबांधणी अनुदान म्हणतात. पहिला प्रकार सर्वत्र रूढ आहे, तर दुसरा तुलनेने तुटपुंजा राहिला आहे.

== पार्श्वभूमी ==

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरी गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्था प्रामुख्याने खाजगी देणग्यांवर चालत. जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागो येथे स्थापन केलेले हल हाउस हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो १९६० च्या दशकात. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळातील १९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने संघराज्याचा निधी वस्त्यांमधील संस्थांपर्यंत थेट पोहोचू लागला. आपल्याला वगळून आपल्याच शहरात पैसा खर्च होतो, हे अनेक महापौरांना रुचले नाही. १९६७ च्या दुरुस्तीने स्थानिक शासनांना ह्या संस्थांवर नियंत्रणाचा अधिकार मिळाला.

== समुदाय विकास निधी ==

राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २२ ऑगस्ट १९७४ रोजी गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्यावर स्वाक्षरी केली. शहर नूतनीकरण, मॉडेल सिटीज आदी योजना एकत्र करून त्यातून ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ हा निधी निर्माण झाला. ५०,००० वा अधिक लोकसंख्येच्या शहरांना तो सूत्रानुसार मिळतो. लहान गावांना राज्यांमार्फत दिला जातो. किमान ७० टक्के रक्कम अल्प व मध्यम उत्पन्न गटाच्या हितासाठी खर्चावी लागते.

तथापि सामाजिक सेवांवर साधारणपणे १५ टक्क्यांहून अधिक रक्कम खर्च करता येत नाही. उरलेला निधी घरदुरुस्ती, रस्ते, सार्वजनिक इमारती आदींसाठी असतो. म्हणजे एखाद्या शहरास १० लाख डॉलर मिळाले, तर सेवा संस्थांच्या वाट्याला जास्तीत जास्त दीड लाख येतात, आणि त्यावर अनेक संस्थांचे अर्ज असतात. सर्वांना थोडेथोडे द्यावे की मोजक्याच संस्थांना पुरेसे द्यावे, हा वाद त्यामुळे दरवर्षी नगर परिषदांच्या सुनावणीत नव्याने उभा राहतो. वस्तीसुधारणा व आर्थिक विकासाची कामे करणाऱ्या संस्थांची क्षमता वाढवण्यासाठी तांत्रिक साहाय्य देण्याची स्वतंत्र तरतूदही नियमांत आहे.

काही शहरांनी स्वतःच्या महसुलातून निधी उभारले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९१ मध्ये मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा मुलांच्या सेवांसाठी राखून ठेवण्यास मंजुरी दिली.

== अडचणी ==

अनुदान मंजूर झाले म्हणजे पैसा हाती आला, असे होत नाही. बहुतेक करार प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर असतात: संस्थेने आधी पगार व भाडे द्यायचे, पावत्या सादर करायच्या आणि मग शहराकडून रक्कम मिळण्याची वाट पाहायची. गंगाजळी नसलेल्या लहान संस्थेस ह्या काळात कर्ज काढावे लागते, आणि त्या कर्जावरचे व्याज सहसा अनुदानात बसत नाही. परिणामी जी संस्था वस्तीच्या सर्वांत जवळ असते, तिलाच सरकारी करार घेणे अनेकदा परवडत नाही. न्यूयॉर्क शहरात हा प्रश्न इतका तीव्र झाला, की संस्थांना वेळेवर पैसे मिळावेत यासाठी महापौर व नगर कंट्रोलर यांच्या संयुक्त कृतिगटाने २०२२ मध्ये अहवाल दिला.

कडक तपासणीलाही कारणे आहेत. अस्तित्वातच नसलेल्या संस्थांच्या नावे न्यूयॉर्क नगर परिषदेने निधी दाखवून ठेवल्याचे २००८ मध्ये उघडकीस आले होते. मात्र कागदपत्रांचा भार प्रामाणिक लहान संस्थांवरच अधिक पडतो.

दुसरी अडचण अप्रत्यक्ष खर्चाची. जेवणाच्या थाळीचा खर्च शहर देते, पण हिशेबनीस, संगणक वा लेखापरीक्षण यांचा खर्च देताना हात आखडता घेते. ॲन गॉगिन्स ग्रेगरी व डॉन हॉवर्ड यांनी २००९ मधील एका लेखात ह्या स्थितीला संस्थांच्या उपासमारीचे चक्र म्हटले: देणाऱ्यांची अपेक्षा अवास्तव असते, म्हणून संस्था खर्च कमी दाखवतात आणि त्यामुळे ती अपेक्षा अधिकच पक्की होते. संघराज्याच्या निधीबाबत, स्वतंत्र दर ठरवून न घेतलेल्या संस्थेस अप्रत्यक्ष खर्चासाठी घेता येणारा दर पूर्वी १० टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो १५ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आला. त्याच सुधारणेत अनिवार्य एकत्रित लेखापरीक्षणाची मर्यादा वार्षिक ७,५०,००० डॉलर खर्चावरून १० लाख डॉलरवर नेण्यात आली.

== कोविड-१९ नंतर ==

मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने राज्ये, स्थानिक शासने व आदिवासी शासनांना ३५० अब्ज डॉलर दिले. सेवा पुरवणारी म्हणून नव्हे, तर महासाथीत स्वतः नुकसान सोसलेली म्हणूनही एखाद्या संस्थेला ह्यातून साहाय्य देता येत होते. अशा साहाय्यावर सेवा-कराराची देखरेख लागू होत नसे. अनेक शहरांनी त्याचा उपयोग संस्थांचे पगार, भाडे व व्यवस्थापन सावरण्यासाठी केला. हा निधी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत बांधील करणे आणि सर्वसाधारणपणे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्च करणे बंधनकारक ठरवण्यात आले. तो एकवेळचा असल्याने त्यातून नेमलेल्या कर्मचाऱ्यांच्या पुढील पगाराची तरतूद संस्थांना अन्यत्र शोधावी लागते.